घरच्या प्रवाळ-टाकीत आधी पाणी हलवा, मग दिवे बदला

2024 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या 'नोआ' या समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने जाहीर केलं की जगभरातली प्रवाळं पुन्हा पांढरी पडू लागली आहेत. इतक्या मोठ्या प्रमाणावर हे घडण्याची ही चौथी वेळ. त्याच उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांनाही मोठा फटका बसला. समुद्रापासून सह्याद्रीपलीकडे असलेल्या सांगली-मिरजेत या बातमीचं काय, असं वाटेल. पण इथेही हौसेने खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवणारी घरं आहेत, आणि एप्रिल उजाडला की त्या घरांतून तोच प्रश्न येतो: "आमचं प्रवाळ मिटून बसलंय, रंग उडालाय, चांगल्यातला दिवा घ्यावा का?"

दुकानात गेलात तर बहुतेक वेळा उत्तर 'हो' असंच मिळेल. दिवा हा टाकीवरचा सगळ्यात नजरेत भरणारा आणि बऱ्याचदा सगळ्यात महाग भाग. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हाताशी पैसे असतील तर ते आधी पाण्याच्या हालचालीवर घाला, मग पाणी स्वच्छ ठेवण्यावर, आणि दिव्याचा विचार सगळ्यात शेवटी करा. असं का, ते प्रवाळ कसं जगतं हे कळलं की आपोआप लक्षात येतं.

आपण पाळतो ते नक्की काय?

प्रवाळ झाडासारखं दिसतं, पण तो प्राणी आहे. खरं तर एकाला एक चिकटून राहणाऱ्या शेकडो-हजारो इवल्या प्राण्यांची ती वसाहत असते. त्यातल्या एकेकाला पॉलिप म्हणतात. मधोमध तोंड, भोवती बारीक स्पर्शिका, एवढंच त्याचं शरीर. गंमत पुढे आहे. या पॉलिपच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडात साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतं. काही जातींची 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज अशी घरातल्या घरात भागते. बदल्यात शैवालाला प्राण्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया मिळतो.

पाणी फार तापलं किंवा उजेड झेपेनासा झाला की शैवालाचं हे काम बिघडतं आणि त्यातून पेशींना जाळणारे ऑक्सिजनचे घातक प्रकार तयार होऊ लागतात. मग प्राणी ते शैवाल बाहेर टाकतो. रंग शैवालामुळेच असल्याने खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच प्रवाळ विरंजन म्हणतात. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं. ते उपाशी असतं, आणि परिस्थिती वेळेवर सुधारली तर शैवाल परत येऊ शकतं.

इथली कळीची गोष्ट एकच. हा प्राणी जागचा हलत नाही. त्याचा श्वास, त्याचं अन्न, त्याने टाकलेली घाण, सगळ्याची ने-आण पाण्यालाच करावी लागते.

पाणी वाहतं म्हणजे नेमकं काय होतं?

तासगाव किंवा कवठेमहांकाळकडे बेदाण्याचं शेड पाहिलं असेल तर ही गोष्ट समजायला सोपी जाईल. जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली असतात. ऊन कितीही असो, वारं पडलं की प्रत्येक मण्याभोवती त्याच्याच ओलाव्याचा थर साचून राहतो आणि वाळणं रेंगाळतं. वारं सुटलं की तो थर निघून जातो आणि माल झपाट्याने सुकतो. प्रवाळाच्या अंगाला असाच एक थर चिकटलेला असतो, स्तब्ध पाण्याचा. जाडी मिलिमीटरच्या आसपास. पण आतल्या प्राण्याला जे काही घ्यायचं किंवा टाकायचं असेल, ते याच थरातून हळूहळू झिरपत जातं. टाकीतलं पाणी जितकं संथ, तितका हा थर जाड.

दिवसा आतलं शैवाल जोरात काम करतं आणि प्रवाळाच्या अंगात ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त साठतो. तो बाहेर पडायला हवा, नाहीतर तोच त्रासाचा ठरतो. रात्री शैवालाचं काम थांबतं, श्वास मात्र सगळ्यांचा चालू असतो, आणि त्याच अंगात ऑक्सिजनचा तुटवडा होतो. म्हणजे दिवसा जास्तीचा ऑक्सिजन नेण्यासाठी आणि रात्री नवा आणण्यासाठी, दोन्ही वेळा प्रवाह लागतो. समुद्रातही वारा पडलेला, पाणी निपचित आणि ऊन कडक असे दिवस प्रवाळाला सगळ्यात जड जातात. तापमान आणि उजेड तेवढाच ठेवून नुसता प्रवाह वाढवला तर पांढरं पडणं कमी होतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. दिव्याच्या आधी पंप, असं मी म्हणतो ते यासाठी.

किती प्रवाह हवा? टाकीतलं सगळं पाणी तासाला किती वेळा फिरतं, यावर हिशोब मांडतात. मऊ प्रवाळांना 10 ते 20 पट पुरतं. कठीण सांगाड्याच्या, बारीक पॉलिपच्या फांद्यांसारख्या जातींना 30 ते 50 पट किंवा त्याहूनही जास्त लागतं. 200 लिटरच्या टाकीत मऊ प्रवाळं असतील तर तासाला 2,000 ते 4,000 लिटर. खोक्यावर छापलेला आकडा नव्या, स्वच्छ पंपाचा असतो. आत चुन्याचा थर धरला की तो बराच खाली येतो. दोन-तीन महिन्यांनी पंप काढून व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात तासभर बुडवून, जुन्या दातांच्या ब्रशने पंखा घासून काढा. नवा पंप घ्यायला निघालेल्या कितीतरी जणांचं काम एवढ्यावरच भागेल.

आकड्याइतकीच दिशा महत्त्वाची. एकाच बाजूने पिचकारीसारखी धार प्रवाळावर आदळत राहिली तर त्या बाजूची कातडी सोलवटते. समुद्रात लाट येते आणि परत जाते, तसं पाणी दोन्हीकडून हलायला हवं. म्हणून एक मोठा पंप लावण्यापेक्षा दोन लहान पंप समोरासमोरच्या काचांवर लावून आलटून-पालटून चालवा. धार थेट प्रवाळावर न सोडता समोरच्या काचेवर किंवा पृष्ठभागाकडे वळवा. पृष्ठभाग सतत खळबळता राहिला की हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो.

खडकांची मांडणी हीसुद्धा प्रवाहाचीच बाब आहे. मागच्या काचेला टेकवून रचलेल्या दगडांच्या भिंतीमागे पाणी मरतं. दगड काचेपासून चार बोटं लांब ठेवा, मध्ये कमानी ठेवा. मेलेली जागा शोधायला एक साधी मोठी पिचकारी पुरे. दगडामागे पाण्याची फुंकर मारा. तपकिरी धुरळ्याचा ढग उठला तर तिथे घाण साचते आहे हे नक्की.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका घरी चामड्यासारखं दिसणारं मोठं मऊ प्रवाळ आठवडाभर मिटून बसलं होतं. वरून मेणचट चकाकी, पॉलिप एकही बाहेर नाही. घरचे ते मेलं असं समजून काढायला निघाले होते. या जाती अधूनमधून अंगावरची मेणासारखी पातळ साल टाकतात, त्याआधी त्या अशाच मिटतात. पंपाचं तोंड थोडं वळवून त्याच्या अंगावरून पाणी वाहू दिल्यावर साल कडेने सुटू लागली, पाण्यात फडफडली आणि पुढच्या दोन दिवसांत पॉलिप पुन्हा उभे राहिले. दिव्याला कुणी हातही लावला नव्हता.

फिल्टर नेमकं काय करतो?

गोड्या पाण्याच्या टाकीची सवय असलेले लोक इथे चकतात, कारण फिल्टर म्हटलं की त्यांना स्पंज आठवतो. प्रवाळ-टाकीत खरं काम दगड करतात. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यातून अमोनिया तयार होतो, जो विषारी असतो. सच्छिद्र दगडांत राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्यामानाने सौम्य असतं. जिवाणूंची ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर न धरता मासे आणि प्रवाळं सोडली तर त्यांना जगवणं फार अवघड.

दुसरं साधन म्हणजे प्रोटीन स्किमर. उभ्या नळीत हवेचे अगदी बारीक बुडबुडे सोडले जातात. पाण्यातली चिकट सेंद्रिय घाण बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला धरते, फेसाबरोबर वर चढते आणि वरच्या कपात साचते. खाऱ्या पाण्यात बुडबुडे फार बारीक राहतात आणि सहज एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून हे यंत्र तिथे जमतं. नीट चालणाऱ्या स्किमरच्या कपात कोऱ्या चहाच्या रंगाचं, उग्र वासाचं पाणी जमतं. कप आणि त्याच्या गळ्यातला चिकटा दर दोन-तीन दिवसांनी पुसला नाही तर फेस वर चढतच नाही. स्किमर तयार झालेलं नायट्रेट काढत नाही. घाण कुजून नायट्रेट होण्याआधीच तो ती बाहेर काढतो. शिवाय एवढी हवा पाण्यात घुसळल्याने ऑक्सिजनही मिळतो, हा त्याचा मोठा फायदा.

मग स्पंज, कापडी पिशव्या, बंद डब्यासारखे फिल्टर? वापरा, पण दर दोन-तीन दिवसांनी धुणार असाल तरच. अडकलेली घाण पाण्यातून गेलेली नसते, ती तिथेच कुजत असते.

एक गैरसमज इथे दूर करायलाच हवा. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणणं हे ध्येय नाही. शैवालालाही खायला लागतं. नायट्रेट लिटरमागे 2 ते 10 मिलिग्रॅम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 च्या दरम्यान असलं तर बहुतेक टाक्या छान चालतात. दोन्ही शून्य झाली तर प्रवाळ फिकट पडतं आणि बुडबुडे धरलेला तपकिरी, शेंबडासारखा थर दगडांवर पसरतो. तो घालवणं हिरव्या शेवाळापेक्षा जास्त अवघड असतं. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणं हा अजूनही सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे.

बोअरचं पाणी चालेल का? रत्नागिरीहून समुद्राचं आणलं तर?

बोअरचं नको. आपल्याकडे पाणी जड आहे, आणि उसाच्या पट्ट्यात शेतात टाकलेल्या खताचं नायट्रेट भूजलात उतरतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. घरच्या आरओचं पाणी बरं, पण चव यावी म्हणून बहुतेक यंत्रांत थोडं मूळ पाणी परत मिसळलं जातं किंवा खनिजांची कांडी बसवलेली असते. पाणी त्या टप्प्याच्या आधी घ्या आणि पुढे डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणारे बारीक मणी भरलेली नळी, जोडा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा शून्याच्या जवळ हवा.

अंबा घाट उतरून समुद्राचं पाणी आणायची कल्पना मोहात पाडते. पण किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ असतं, पावसाळ्यात नद्यांमुळे त्याचा खारटपणा उतरतो, आणि बंदराजवळ डिझेल, सांडपाणी काय काय असतं. विकत मिळणारं खास समुद्री मीठच बरं. लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे 200 लिटरला सात किलो. स्वयंपाकघरातलं मीठ अजिबात नको. त्यात प्रवाळाला लागणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुरेसं नसतं.

आता दिव्याकडे वळू

उजेड मोजायला 'पार' (PAR) हे माप वापरतात: शैवालाला उपयोगी पडणारे प्रकाशकण दर सेकंदाला किती येऊन पडतात, त्याचा आकडा. भर दुपारच्या उन्हात उघड्यावर तो 2,000 च्या आसपास असतो. टाकीतल्या मऊ प्रवाळांना 50 ते 150 भरपूर झाला. कठीण, फांद्यांच्या जातींना 200 ते 350. घरातली पांढरी ट्यूब डोळ्यांना लख्ख वाटली तरी या कामाला पुरत नाही. पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच शोषून घेतं आणि निळा खोलवर जातो. प्रवाळातलं शैवाल त्या निळ्या प्रकाशावरच पोसलेलं असतं, म्हणून प्रवाळ-टाकीच्या दिव्यांत निळा रंग जास्त असतो. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप या निळ्या उजेडात चुकीचे आकडे दाखवतं, त्यावर विसंबू नका.

"जास्त उजेड दिला तर जास्त वाढेल ना?" एका मर्यादेपर्यंतच. शैवालाची साखर करण्याची क्षमता भरली की वरचा सगळा उजेड त्रासच देतो. त्यातून पाणी संथ असेल तर जास्तीचा ऑक्सिजन बाहेर जात नाही आणि नवा जोरदार दिवा हेच पांढरं पडण्याचं कारण होतं. म्हणून नवा दिवा तीस-चाळीस टक्क्यांवर सुरू करा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू चढवा. दिवसाला आठ ते दहा तास पुरेत. प्रवाळ तपकिरी होत गेलं तर उजेड कमी पडतोय किंवा पाण्यात पोषण जास्त झालंय, फिकट होत गेलं तर उजेड जास्त किंवा पोषण कमी. दोन्ही शक्यता तपासा, एकदम दोन्ही बदलू नका.

मालवणच्या समुद्राचं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. तिथलं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं. पाणी बहुतेक काळ गढूळ, उजेड बेताचा, आणि तरीही तिथे प्रवाळं आहेत. लाटांची ये-जा मात्र तिथे थांबत नाही.

चाळिशी गाठणारा उन्हाळा आणि गेलेली वीज

सांगलीत टाकी ठेवायची तर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. प्रवाळाला 24 ते 27 अंश मानवतात. समुद्रात नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एकच अंश जास्त, पण आठवडेच्या आठवडे, एवढ्यानेही विरंजन होतं. त्यात खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी विरघळतो. 25 अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात पावणेसात, आणि पाणी तापेल तसा आणखी कमी.

पृष्ठभागावर वारा घालणारा साधा पंखा पाणी दोन-तीन अंशांनी उतरवतो. आपला एप्रिल कोरडा असल्याने तो इथे चांगला चालतो. पण त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि मीठ मागे राहतं. 200 लिटरमधून चार लिटर उडालं तर खारटपणा दोन टक्क्यांनी वाढला. ती भर रोज गोड्या, शुद्ध पाण्यानेच घाला, मिठाच्या पाण्याने नाही. पंख्याने भागत नसेल तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागतो. अशा दिवसांत दुपारचे दिवे बंद ठेवून संध्याकाळी लावले तरी चालतं.

वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली, तर? दिव्याची काळजी करू नका. प्रवाळ दोन-तीन दिवस अंधारात सहज काढतं. पाणी हलायचं थांबलं तर मात्र भरल्या टाकीतले मासे काही तासांत वर येऊन तोंड मारू लागतात आणि एका रात्रीत टाकी हातची जाऊ शकते. इन्व्हर्टरवर फक्त एक पंप ठेवा. कमी वॅटचा डीसी पंप 15 वॅटच्या आसपास घेतो, आणि 150 एएचच्या चांगल्या बॅटरीवर इतर काही चालू नसेल तर तो दिवसभर सहज निघतो. सोबत बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप असावाच. स्किमर, दिवे, हीटर त्या जोडणीतून काढून टाका.

हे घरी ठेवणं कायद्यात बसतं का?

सगळंच बसत नाही, आणि हे टाकी भरायच्या आधी कळलेलं बरं. कठीण सांगाड्याची प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे यांना आपल्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचं संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून ती तोडणं, विकणं, घेणं हा गुन्हा आहे, शोभेच्या तुकड्यासाठीही. परदेशातून येणाऱ्या प्रवाळांना आंतरराष्ट्रीय परवान्यांची कागदपत्रं लागतात. दुकानदाराकडे ती मागा, आणि टाळाटाळ झाली तर घेऊ नका. 'लाइव्ह रॉक' म्हणून समुद्रातून तोडून आणलेला दगडही नको. भाजलेल्या मातीचे सच्छिद्र कृत्रिम दगड मिळतात आणि बाटलीतले जिवाणू घालून ते दोन महिन्यांत तेच काम करू लागतात.

नवख्यांना बहुतेकदा झोअँथिड ही बटणांसारखी रंगीत, चिवट जात दिली जाते. तिच्या काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. ती ज्या दगडावर वाढते तो साफ करायला म्हणून कधीही उकळू नका किंवा गरम पाण्याखाली घासू नका, कारण वाफेतून हे विष छातीत जाऊन घरची सगळी माणसं एकाच वेळी आजारी पडल्याच्या घटना जगात घडलेल्या आहेत. हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला चीर असेल तर टाकीत हात घालू नका. त्यानंतर कुणाला ताप, खोकला, धाप किंवा तोंडात कडवट धातूसारखी चव जाणवली तर लगेच दवाखाना गाठा. मिरजेत दवाखाने पुष्कळ आहेत, पण या विषाला ठरलेला उतारा नाही आणि लक्षणं साध्या तापासारखी वाटतात. म्हणून डॉक्टरांना आधी 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द सांगा आणि घरी टाकी आहे हेही सांगा.